नातेवाइकांना कामाला लावणारी सिस्टर

मी नर्स आहे. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण आयुष्यात बऱ्याच लोकांनी ते माझ्या वतीने लपवायची धडपड केली. ऐंशीच्या दशकात आम्ही पेनसिल्व्हेनियात राहायला आलो तेव्हा स्टेट कॉलेज नावाच्या गावाच्या आसपास मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. एक-दोन डॉक्टर, काही प्राध्यापक आणि एकेका अपार्टमेंटमध्ये दाटीवाटीने राहणारी पीएचडीची पोरं. पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने घरून एक पदार्थ आणायच्या जेवणाला, कुणी नवीन आलं की त्यातल्या एक काकू माझी ओळख करून द्यायच्या, "या हॉस्पिटलमध्ये असतात." ऐकणाऱ्याला वाटायचं, डॉक्टर असणार. मग मी म्हणायची, "नर्स आहे." त्यावर क्षणभर सगळे आपापल्या प्लेटमधल्या पुलावाकडे बघत राहायचे.

त्या शांततेत माझ्या नवऱ्याला भारी मजा यायची. "आणि मी हिच्या व्हिसावर आलोय," असं तो वर जोडायचा. ते खरंच होतं. अमेरिकेला तेव्हा नर्सेस कमी पडत होत्या. मी परीक्षा देऊन आधी आले, आणि अमरावतीच्या कॉलेजातली रसायनशास्त्राची नोकरी सोडून तो माझ्यामागून आला. त्याला इथे काम करायची परवानगी नव्हती, म्हणून त्याने युनिव्हर्सिटीत नाव घातलं आणि घरातला स्वयंपाक हातात घेतला. बायकोच्या पदराला धरून आलेला नवरा, म्हणून माझ्या सासरी बरीच कुजबूज झाली. तो मात्र फोनवर आईला पिठलं कसं जमलं तेच सांगत बसायचा.

मी शिकले नागपूरला, सरकारी दवाखान्यात. आमचा जनरल वॉर्ड म्हणजे खाटांवर पेशंट, दोन खाटांच्या मध्ये खाली गादीवर पेशंट आणि एवढ्या सगळ्यांना आम्ही दोघी सिस्टर. प्रत्येकाला आम्ही दोघीच अंघोळ घालत बसलो असतो तर इंजेक्शनं कुणी दिली असती? म्हणून प्रत्येक पेशंटबरोबर आलेली बायको, आई, वहिनी, जी कोण असेल तिला पहिल्याच दिवशी कामाला लावायचं. "बाई, इकडे या. मी करते ते बघा. आता तुम्ही करा." पाठ कशी पुसायची, कूस कशी बदलायची, नाकातल्या नळीतून पेज कशी द्यायची, सगळं. एकदा दाखवायचं, एकदा करून घ्यायचं आणि पुढच्या खाटेकडे जायचं. शिकलेली बाई संध्याकाळपर्यंत शेजारच्या खाटेवालीला शिकवत असायची. यात फार मोठं तत्त्वज्ञान होतं असं मी म्हणणार नाही. माणसं कमी होती, म्हणून ही रीत पडली. पण पेशंट घरी जायचा तेव्हा त्याच्याबरोबर त्याला सांभाळता येणारं माणूसही घरी जायचं, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं.

इथल्या हॉस्पिटलमध्ये आले आणि पहिले काही दिवस मी हरखूनच गेले. खोलीत दोनच खाटा. गरम पाणी नळाला, हवं तेव्हा. धुतलेल्या चादरी रास रचून ठेवलेल्या. पेशंटचं सगळं म्हणजे सगळं नर्सने करायचं, आणि करायला वेळही होता. एका म्हातारीला मी नखांपासून केसांपर्यंत सावकाश स्वच्छ केलं, तेव्हा मला वाटलं, अरे, नर्सिंगच्या पुस्तकात लिहिलेलं असतं ते हे. नातेवाईक दुपारी फुलं घेऊन यायचे, खुर्चीत बसून टीव्ही बघायचे आणि वेळ संपली की निघून जायचे.

पण हाताची सवय कुठे जाते. पायाचं हाड मोडलेल्या एका आजीबाईंची मुलगी रोज येऊन खुर्चीत कंटाळून बसलेली असायची. मी बेसिनमध्ये पाणी घेऊन आले, टॉवेल पिळला आणि सहज तिच्या हातात दिला. म्हटलं, या, आधी पाठ, मी दाखवते. ती गोंधळली, पण तिने पुसली, आणि चांगली पुसली. आईने डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, छान झालं. दुसऱ्या दिवशी तक्रार आली: नर्सने स्वतःचं काम माझ्याकडून करून घेतलं.

हेड नर्सने मला तिच्या खोलीत बोलावलं. उंच बाई, केसांत कायम पेन्सिल खोचलेली. ती चिडलेली नव्हती. ती म्हणाली, इथे भेटायला येणारी माणसं पाहुणे असतात, त्यांना काम सांगायचं नाही. मी अजून प्रोबेशनवर होते. पुन्हा अशी तक्रार आली तर आपला नाइलाज होईल, असं तिने सरळ सांगितलं. मी आमच्याकडची पद्धत समजावून सांगितली, तर तिने कुतूहलाने विचारलं, "आणि ज्या पेशंटला कुणीच नसतं, त्याचं काय करता?"

"शेजारच्या खाटेचे नातेवाईक करतात," मी म्हणाले.

त्यावर ती एवढंच म्हणाली की मी जाऊ शकते.

नोकरी गेली की व्हिसा जाणार, आणि त्या व्हिसाला लटकलेला नवराही. मी घरी येऊन हे सांगितलं तर त्याने विचारलं, "मग आता?" म्हटलं, आता काय, पाहुण्यांना पाहुण्यांसारखं ठेवायचं. त्यानंतर कित्येक आठवडे मी तोंड मिटून काम केलं. नवरा ते जगातलं आठवं आश्चर्य म्हणून सगळ्यांना सांगायचा.

त्याच सुमारास हॉस्पिटलचं वारं फिरलं. म्हाताऱ्या माणसांचा सरकारी विमा पूर्वी पेशंट जितके दिवस राहील तितक्या दिवसांचे पैसे द्यायचा. आता त्यांनी आजाराप्रमाणे एकच ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली, मग पेशंट कितीही दिवस राहो. झालं. जो तो पेशंटला लवकर घरी पाठवायच्या मागे लागला. जखम अजून ओली, नळी अजून पोटात, आणि माणूस लिफ्टच्या दाराशी व्हीलचेअरमध्ये. बरोबर बायको किंवा मुलगा, हातात ड्रेसिंगच्या सामानाची पिशवी आणि चेहऱ्यावर भीती. जाता जाता आम्ही त्यांना सूचना वाचून दाखवायचो. ती माणसं मान हलवायची. मला कळायचं की यातलं काहीही त्यांनी कधी हाताने केलेलं नाही. आत इतके दिवस पाहुणे होते, आणि लिफ्टच्या दारात अचानक नर्स झाले. हेड नर्सलाही ते खुपत होतं. जेवणाच्या सुट्टीत ती सँडविच तसंच ठेवून बडबडायची.

अशात ते जोडपं आलं. दोघं सत्तरीला टेकलेली, डोंगराच्या पायथ्याशी डेअरी फार्म. बायकोला झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, गिळणंही गेलं. पोटात थेट नळी घालून तिला अन्न द्यावं लागत होतं. समज मात्र पूर्ण होती. तिचे डोळे बघितले की कळायचं. डॉक्टर म्हणाले, आता इथे करण्यासारखं काही उरलं नाही, नर्सिंग होममध्ये, म्हणजे कायम सांभाळ लागणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या संस्थेत, हलवा. ज्या नर्सिंग होममध्ये जागा होती ते डोंगराच्या पलीकडे, तासाभराहून लांब, आणि थंडीत त्या रस्त्याचा काही भरवसा नव्हता. म्हाताऱ्याला पहाटे धारा काढायच्या, संध्याकाळी पुन्हा धारा काढायच्या. मुलगी पार पश्चिम किनाऱ्यावर, वॉशिंग्टन राज्यात. म्हणजे बायको तिकडे गेली की दोघांची गाठ संपल्यातच जमा होती. येत्या सोमवारी तिला हलवायचं ठरलं.

म्हातारा दोन धारांच्या मधल्या वेळात यायचा. धुतलेला शर्ट घातलेला असायचा, पण गोठ्याचा वास काही जायचा नाही. बाकीच्या नर्सेस नाक मुरडायच्या. मला तो वास आवडायचा, माझ्या माहेरी म्हशी होत्या. तो टोपी गुडघ्यावर ठेवून बसायचा. हात चांगले परातीएवढे. पण बायकोला तो हात लावायचा नाही. तिचा हात चादरीवर असला की याचा हात शेजारच्या लोखंडी कठड्यावर असायचा, बस, तेवढंच. त्याला लावायचा नव्हता असं नाही. आपण काही मोडून ठेवू, अशी त्याला धास्ती होती.

एका दुपारी मी नळीतून अन्न देत होते, तेव्हा त्याने खाली बघत विचारलं, हे फार अवघड असतं का? त्याला काय विचारायचं होतं ते मला बरोबर कळलं. म्हटलं, शिकल्यावर नसतं.

"मला शिकवाल?"

मला हेड नर्सचा चेहरा दिसला, आणि तिच्या मागे विमानतळावर बॅगा घेऊन उभा असलेला माझा नवराही दिसला. पण मी स्वतःशी वाद घातला, आणि स्वतःशी वाद घालताना मी सहसा हरत नाही. पाहुण्याला काम सांगायचं नाही, असा नियम होता. इथे पाहुणाच काम मागत होता. त्यासाठी वरच्यांची परवानगी मागायला गेले असते तर नाही म्हणायला त्यांना सोपं गेलं असतं. मी मागितलीच नाही. हात धुवायला सिंककडे बोट दाखवलं.

आणि इथे माझं घोडं अडलं. नागपूरला मी कित्येक बायकांना शिकवलं होतं, पण एकाही पुरुषाला नाही. तिकडे पुरुष नातेवाईक म्हणजे चिठ्ठी घेऊन औषधं आणायला खाली धावणारा. बायकांना एकदा दाखवलं की त्या पदर खोचून सुरूच करायच्या, कारण आयुष्यभर त्यांनी कुणा ना कुणाचं केलेलंच असायचं. हा मात्र हातात सिरिंज धरून थरथरत उभा. खाट किती वर घ्यायची, आधी पोटात मागचं किती उरलंय ते कसं बघायचं, अन्न हळूहळू कसं सोडायचं, सगळं मी दाखवलं. त्याने सगळं ऐकलं आणि सिरिंज मला परत दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हणाला, तिला दुखलं तर तिला सांगताही येणार नाही.

माझा पारा चढला. सोमवार जवळ येत होता. शेवटी वैतागून मी विचारलं, तुमच्या गोठ्यात एखादी गाय आजारी पडली तर तुम्ही काय करता, असेच उभे राहता?

तो कानापर्यंत लाल झाला. बायकोकडे पाठ करून हळू आवाजात म्हणाला की नुकतं जन्मलेलं वासरू दूध ओढत नसेल तर त्याला नळीनेच पाजावं लागतं. मान वर धरायची, दूध कोमट हवं, सावकाश सोडायचं, श्वासाकडे लक्ष ठेवायचं. घाई केली तर दूध फुप्फुसात जातं आणि वासरू हाती लागत नाही. हे सगळं त्याला पहिल्या दिवसापासून आठवत होतं. पण बायकोशेजारी बसून वासराचं नाव काढणं त्याला बरं दिसत नव्हतं.

मी जोरात हसले. हॉस्पिटलमध्ये एवढ्या मोठ्याने हसू नये. तेवढ्यात खाटेवरून एक विचित्र आवाज आला. आम्ही दोघं दचकून वळलो, तर म्हातारी हसत होती. अर्धंच तोंड हलत होतं, पण हसत होती, आणि डाव्या हाताने चादरीवर थापट्या मारत होती. नवऱ्याला काय काय येतं, हे इतक्या वर्षांच्या संसारात तिला ठाऊक नसेल तर कुणाला?

तो उठला, पुन्हा हात धुतले आणि सिरिंज घेतली. या वेळी त्याचा हात दगडासारखा स्थिर होता. नळीतून अन्न सोडताना तो तोंडाने हळू आवाजात काहीतरी पुटपुटत होता. गोठ्यात जनावराला शांत करायला करत असेल तसंच. ते मी शिकवलेलं नव्हतं, पण त्याला थांबवावं असंही मला वाटलं नाही.

नेमकी तेव्हाच हेड नर्स दारात उभी होती. किती वेळ उभी होती, देव जाणे. तिने म्हाताऱ्याला ते पूर्ण करू दिलं. मग मला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि विचारलं की आपलं काय ठरलं होतं.

माझा आवाज भीतीने बारीक होत नाही, उलट चढतो. मी म्हणाले, "पाहुण्यांना काम सांगायचं नाही, असं ठरलं होतं. पण त्या बाईला घरी न्यायचं असेल तर हा माणूस पाहुणा राहून कसं चालेल? घरी तिची नर्स तोच असणार. त्याला आपण इथे नाही शिकवलं, तर तो कुठे शिकणार?"

तिने केसांतली पेन्सिल काढली, पुन्हा खोचली. मला वाटलं, संपलं. पण तिने वेगळंच विचारलं. "तो धारा काढायला गोठ्यात गेला की तिच्याजवळ कोण?"

हा साहेबाचा प्रश्न नव्हता, नर्सचा होता. ती म्हणाली, शुक्रवारी डॉक्टर आणि मी स्वतः येऊन बघू. त्याने आमच्यासमोर सगळं नीट केलं पाहिजे आणि या प्रश्नाचं उत्तरही तोवर मिळालं पाहिजे. नाहीतर सोमवारी ती नर्सिंग होमला जाईल. माझं काय करायचं तेही त्यानंतर बघू, असं ती दाराशी म्हणाली.

उत्तर खरं तर आमच्या डोळ्यांसमोर येऊन जात होतं. म्हाताऱ्याच्या शेजारच्या फार्मवरची एक बाई एक दिवसाआड पाय घेऊन यायची. पाय म्हणजे तिथला तो फळं भरून भाजलेला गोड पदार्थ, फार छान असतो. यायची, बसायची, आणि उठताना म्हणायची, काही लागलं तर सांगा. म्हातारा मान हलवायचा. ती गेल्यावर मी त्याला म्हटलं, मग सांगा की. तर म्हणाला, तिला तिचं घर आहे, तिच्या गायी आहेत, असं कुणाला मागायचं नसतं. मी पुष्कळ डोकं आपटलं. काही उपयोग झाला नाही.

आमच्या नागपूरच्या वॉर्डात एखाद्या खाटेशी कुणी नसलं की मी शेजारच्या बाईला हाक मारायची. तिनेही कधी कुरकुर केली नाही. मी सरळ लिफ्टपाशी जाऊन त्या शेजारणीला गाठलं. म्हटलं, तुम्ही काही लागलं तर सांगा म्हणता, तर मी सांगते. सकाळ-संध्याकाळ धारांच्या वेळी कुणीतरी तिच्याजवळ बसायला हवं. तुम्हाला जमेल का? खोकला आला तर काय करायचं ते मी शिकवीन.

तिने लिफ्टच्या बटणावरचा हात मागे घेतला. ही दुसरी तक्रार, मी मनात म्हटलं. मग तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "आम्ही किती दिवस वाट बघतोय, तो कधी मागतोय याची." घरात दोन मोठ्या सुना आहेत, पाळी लावू, पण तो शब्द काढत नाही आणि न बोलावता घुसणं आम्हाला बरं वाटत नाही, असं तिने सांगितलं. मी कपाळाला हात लावला. इकडे हा मागत नाही, तिकडे ती देत नाही, आणि दोघांच्या सभ्यपणापायी ती बाई डोंगरापलीकडे जाऊन पडली असती.

शुक्रवारी खोलीत आम्ही सगळे जमलो. डॉक्टर भिंतीला टेकून, हेड नर्स खाटेच्या पायाशी हाताची घडी घालून, शेजारीण खिडकीपाशी. मी मुद्दाम लांब उभी राहिले आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले, कारण माझे हात माझं ऐकत नाहीत. म्हाताऱ्याने खाट वर घेतली, मागचं किती उरलंय ते बघितलं, पाणी सोडलं, आणि मग अन्न. त्याचं ते पुटपुटणं सुरू झालं. सगळं छान चाललं होतं, आणि निम्म्यात बायकोला खोकला आला.

खोकला साधा नव्हता. चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर भिंत सोडून पुढे झाले. हेड नर्सने हात पुढे केला, पण तो डॉक्टरांना थांबवायला. मी पाठीमागे स्वतःचंच मनगट इतकं आवळलं की नंतर त्यावर वळ उठले. म्हाताऱ्याने कुणाकडेही बघितलं नाही. नळी चिमटली, सिरिंज खाली घेतली, दुसऱ्या हाताने तिला पुढे झुकवून सरळ धरलं आणि थांबला. खोकला ओसरला तरी थांबला. तिचा श्वास नीट लागेपर्यंत कान तिच्या तोंडाशी नेऊन ऐकत राहिला. मग तिच्याकडे बघितलं. तिने डोळ्यांनी हो म्हटलं, तेव्हा त्याने उरलेलं पूर्ण केलं.

हेड नर्सने शेजारणीला विचारलं की आता त्याने काय केलं ते सांगता येईल का. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "घरी न्या."

माझा जीव भांड्यात पडला. म्हातारा मात्र तसाच उभा होता, आणि त्याचा तो भला मोठा हात या वेळी कठड्यावर नव्हता, बायकोच्या केसांवर होता.

बाहेर कॉरिडॉरमध्ये हेड नर्सने मला थांबवलं. माझं प्रोबेशन संपल्याचं ती लिहून देणार होती, तेही चालता चालता सांगितलं तिने. मग म्हणाली, "पुढच्या आठवड्यापासून ज्यांना लवकर घरी पाठवायचं त्यांच्या नातेवाइकांना तुम्ही शिकवाल. आणि तुम्ही कसं शिकवता ते बाकीच्या मुलींनाही दाखवा."

मी खोटा विनय करणार नाही. त्या दिवशी माझी छाती चांगली फुगली होती. तळमजल्यावर आम्हाला एक खोली मिळाली, आणि त्या खोलीत मी पुढे वर्षानुवर्षं शिकवलं. नवरे, मुलं, शेजारी, चर्चमधल्या बायका. अमेरिकन नर्सेस मागे उभ्या राहून बघायच्या आणि विचारायच्या, हे तुम्ही कुठल्या युनिव्हर्सिटीत शिकलात? मी सांगायची, नागपूरला, सरकारी दवाखान्याच्या जनरल वॉर्डात. पुढे हेही सांगायची की तिथे आम्ही हे नाइलाजाने करत होतो आणि आमच्या पेशंटना तुमचं गरम पाणी मिळालं असतं तर बरं झालं असतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि दोन्ही सांगताना माझी मान ताठच असायची.

बर्फ वितळल्यावर एका सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं त्या फार्मवर गेलो. म्हाताऱ्याने बोलावलं होतं. स्वयंपाकघरातच खिडकीशी बायकोची खाट लावलेली, म्हणजे तिला गोठ्याचं दार दिसावं. ती गुबगुबीत झाली होती. केस विंचरून, क्लिप लावून, छान. पाठीवर, टाचांवर पडून पडून होणारी एकही जखम नव्हती. मी बघितली, पांघरूण उचलून सगळीकडून बघितली, माझ्या नवऱ्याने डोळे वटारले तरी बघितली. शेजारीण आमच्यासाठी कॉफी करत होती. तिच्या सुनेची बसायची पाळी संपली होती आणि ती गमबूट घालून निघाली होती.

दुपारी बायकोच्या जेवणाची वेळ झाली. मी सवयीने उठले, सिंकवर हात धुतले आणि सिरिंज घ्यायला हात पुढे केला. म्हाताऱ्याने ती दिली नाही.

"तिला माझ्या पद्धतीची सवय झालीय," तो अगदी नम्रपणे म्हणाला.

म्हातारीने डाव्या हाताने मला खुर्चीकडे खूण केली. मी बसले. त्याने अन्नाची बाटली मनगटाला लावून कोमट आहे ना ते बघितलं, जे मी कधीच करत नसे, आणि तिच्याशी काहीबाही बोलत तिला जेवू घातलं. खोलीत एक नर्स बसली आहे, हे त्या दोघांच्या लक्षातही नव्हतं.

परतीच्या वाटेवर नवरा गाडी चालवत होता. माझ्याकडे दोन-तीनदा बघून त्याने विचारलं, "काय गं, हात लावू दिला नाही म्हणून हर्ट झालीस का?"

"अहो, हर्ट कसली," मी म्हणाले, आणि मग मला रडू आवरेना. "मी शिकवलंय त्यांना."